अल्लादीनची गोष्ट नेमकी कुणाची?

(नभोवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

दिवेलागणीच्या आधी कंदिलाची काच पुसून ठेवायची, हे आमच्या घरात माझे काम होते. चुलीतली राख, वर्तमानपत्राचा बोळा आणि शेवटी अब्बांच्या दुकानातली एखादी मऊ चिंधी. वीज घरात आली होती, पण ती असण्यापेक्षा नसण्याचीच आम्हाला सवय होती. काच पुसून झाली की मी कंदिलाची खालची टाकीही घासायचो. डोळे मिटून, तीनदा. एकदा अम्माने ते पाहिले. ‘‘क्या करताय रे?’’ तिने विचारले. ‘‘जिन कू बुलाताऊँ,’’ मी म्हणालो. अम्मा चुलीकडचे तोंड न वळवता म्हणाली, ‘‘आया तो पैले घासलेट लाने बोल उसकू.’’

रेशनच्या दुकानापुढे घासलेटसाठी रांगा लागण्याचे ते दिवस होते. त्या घरात जिनकडे मागण्यासारखी याहून मोठी वस्तू अम्माला सुचली नाही. पुढे अल्लादीनची मूळ गोष्ट नीट वाचली, तेव्हा कळले की अम्माचे उत्तर त्या गोष्टीला अगदी धरून होते. ते कसे, ते पुढे सांगतो.

मी ही गोष्ट वाचली ती चौथीत, गावच्या वाचनालयातल्या एका फाटक्या मराठी पुस्तकात. तिच्यातली पहिलीच माहिती वाचून मी उडालो. अल्लादीनचा बाप शिंपी होता आणि त्याचे नाव मुस्तफा होते. माझे अब्बाही शिंपी. अल्लादीनला शिवणकामात रस नव्हता, मलाही नव्हता. काजे-बटणे करायला बसवले की मी पळून जायचो. आपल्यावर कुणीतरी गोष्ट लिहिली आहे, असे वाटण्याचा आयुष्यातला तो पहिला अनुभव.

काही दिवसांनी वर्गात गोष्टींचा तास होता. गुरुजी मला म्हणाले, ‘‘अल्लादीनची गोष्ट तू सांग. ती तुमच्यातलीच आहे.’’ त्यांच्या मनात काही वाकडे नव्हते. मी उभा राहिलो, गोष्ट सांगितली, टाळ्याही मिळाल्या. पण ‘तुमच्यातली’ हा शब्द मनात राहिला. घरी येऊन दादीला विचारले, ‘‘तुला अल्लादीनची गोष्ट माहीत आहे का?’’ दादीकडे गोष्टींचा साठा होता. पैगंबरांच्या गोष्टी, हातिमताईच्या, सात भावांच्या एका बहिणीची, कोल्ह्याची आणि म्हातारीची. पण अल्लादीन तिला ठाऊक नव्हता. मग मीच तिला ती सांगितली. म्हणजे ‘आमच्यातली’ म्हणून ओळखली जाणारी ही गोष्ट मला मराठी पुस्तकातून मिळाली आणि आमच्या घरात ती दखनीत आली ती माझ्या तोंडून. मग ती कुणाची म्हणायची?

या प्रश्नाचे उत्तर शोधत गेल्यावर हाती आलेला इतिहास जिनच्या गोष्टीइतकाच नवलाचा निघाला.

आपण मराठी वाचक ‘अरेबियन नाइट्स’शी फार जुने परिचित आहोत. कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी एकोणिसाव्या शतकात इंग्रजीवरून ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ मराठीत आणायला सुरुवात केली आणि ते काम पुढे इतरांनी तडीस नेले. नंतरच्या काळात गौरी देशपांडे यांनी रिचर्ड बर्टनच्या इंग्रजी ग्रंथाचा सोळा खंडांत मराठी अनुवाद केला. या सगळ्या परंपरेत अल्लादीन हा ‘अरबी’ गोष्टींचा जणू राजपुत्र. पण गंमत अशी की, ‘हजार आणि एक रात्री’च्या जुन्या अरबी हस्तलिखितांत अल्लादीन नाहीच.

युरोपला या गोष्टींची ओळख करून देणारा माणूस म्हणजे आंत्वान गालाँ. जन्म १६४६, फ्रान्सच्या पिकार्दी प्रांतातल्या एका खेड्यात. घरची गरिबी. तो चार वर्षांचा असताना बाप गेला आणि आईने कष्ट करून मुले वाढवली. हा मुलगा शिकला, अरबी, तुर्की, फारसी या भाषांत पारंगत झाला, इस्तंबूलला राहून आला. सीरियातून मिळवलेल्या एका अरबी हस्तलिखितावरून त्याने या गोष्टी फ्रेंचमध्ये उतरवायला घेतल्या. पहिला भाग १७०४ मध्ये निघाला आणि पॅरिस वेडे झाले. भागामागून भाग निघू लागले. पण त्याच्याकडच्या हस्तलिखितात जेमतेम २८० रात्रींपुरतेच कथानक होते. वाचक तर हजार रात्री मागत होते आणि प्रकाशक दारात उभा होता. शहराजादीला रोज नवी गोष्ट सांगितल्याशिवाय जीवदान नव्हते. तिच्या अनुवादकावरही थोडीफार तशीच वेळ आली.

अशा वेळी, १७०९ च्या मार्च महिन्यात, गालाँला एक तरुण भेटला. नाव हन्ना दियाब. आपल्याला हन्ना हे बाईचे नाव वाटेल, पण अरबीत ते योहानचे रूप आहे आणि पुरुषाचेच नाव आहे. हा हन्ना सीरियातल्या अलेप्पो शहरचा, मॅरोनाइट पंथाचा ख्रिस्ती, वय विशीच्या आसपास. अलेप्पोला अरबीत हलब म्हणतात. उर्दू-फारसी कविता वाचणाऱ्यांना हे नाव हलबच्या आरशामुळे माहीत असते. निर्मळ, नितळ काचेची उपमा द्यायची तर कवी हलबची काच आठवायचे. त्या शहरातले सुती-रेशमी कापडाचे बाजार दूरवर प्रसिद्ध होते.

त्या वसंतात हन्नाने गालाँला एकामागून एक सोळा गोष्टी सांगितल्या. गालाँ रोजनिशी लिहायचा आणि तिच्यात त्याने या गोष्टींची टिपणे तारखांसह करून ठेवली. ५ मे १७०९ ला दिव्याची गोष्ट. २७ मे ला अलीबाबाची. राजपुत्र अहमद आणि परी बानूची गोष्टही त्यातलीच. दिव्याची गोष्ट हन्नाने अरबीत लिहूनही दिली होती आणि पुढच्या वर्षी ती वाचायला घेतल्याची नोंदही रोजनिशीत आहे. हन्नाच्या हातचा तो कागद मात्र आज उपलब्ध नाही. गालाँने या सोळांपैकी दहा गोष्टी फुलवून छापल्या. अल्लादीन १७१२ मध्ये बाहेर पडला, अलीबाबा गालाँच्या मृत्यूनंतर १७१७ मध्ये. ज्या दोन गोष्टींवाचून आज कुणी ‘अरेबियन नाइट्स’ची कल्पना करू शकत नाही, त्या दोन्ही हन्नाकडून आलेल्या. छापील पुस्तकात हन्नाचे नाव मात्र कुठेच आले नाही.

पुढे विद्वानांनी अल्लादीनचे अरबी मूळ शोधायचा खूप प्रयत्न केला. पॅरिसमध्ये दोन अरबी हस्तलिखिते सापडली आणि १८८८ मध्ये हर्मान झोटेनबर्ग या पंडिताने त्यावरून ‘मूळ’ संहिता छापली. सगळ्यांना हायसे वाटले. पण विसाव्या शतकात मुहसिन महदी या इराकमध्ये जन्मलेल्या अभ्यासकाने बारकाईने तपासून दाखवले की, ही दोन्ही हस्तलिखिते गालाँच्या फ्रेंच पुस्तकावरूनच उलट अरबीत केलेली होती. त्यातले एक तर जुन्या बगदादी हस्तलिखिताची नक्कल असल्याची बतावणी करणारे होते. त्यामुळे बऱ्याच जणांनी निष्कर्ष काढला की, अल्लादीन ही गालाँचीच निर्मिती असावी आणि हन्ना हा फार तर एखादा फिरस्ता, कानावर पडलेले पोचवणारा निरोप्या असावा.

मग १९९३ मध्ये एक गोष्ट घडली. रोमच्या व्हॅटिकन ग्रंथालयात अठराव्या शतकातले एक अरबी हस्तलिखित होते. अलेप्पोच्याच एका धर्मगुरूच्या संग्रहातून आलेले. पहिली पाने गळालेली, त्यामुळे लेखकाचे नाव नाही. जेरोम लाँताँ या फ्रेंच अभ्यासकाने ते वाचले आणि त्याच्या लक्षात आले की, हे तर हन्ना दियाबचे आत्मवृत्त! वयाच्या पंचाहत्तरीच्या सुमारास, १७६४ मध्ये, हन्नाने आपल्या तरुणपणीच्या प्रवासाची हकिकत बोलीच्या वळणाच्या अरबीत लिहून ठेवली होती. छापील पुस्तकात ज्याचे नाव आले नाही, त्याच्या स्वतःच्या वहीतूनही त्याचे नाव गळाले होते. ही वही २०१५ मध्ये फ्रेंचमध्ये आणि २०२१ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाली.

ही वही वाचताना हन्ना आपल्यापुढे उभा राहतो. बाप नसलेला तरुण. मठात जाऊन संन्यासी व्हायचा प्रयत्न केला, मन रमले नाही. मग पॉल ल्युका नावाचा फ्रेंच प्रवासी भेटला. फ्रान्सच्या राजासाठी जुनी नाणी, हस्तलिखिते, रत्ने गोळा करणारा माणूस. त्याला दुभाष्या हवा होता. माझ्याबरोबर चल, पॅरिसच्या राजग्रंथालयात तुला जागा मिळवून देतो, असे आमिष त्याने दाखवले. हन्ना निघाला. परका माणूस येतो, पोरक्या पोराला मायेने वागवतो, मोठ्या भविष्याचे स्वप्न दाखवतो आणि दूर घेऊन जातो. गोष्टीतला मघरिबी जादूगार आठवतो ना? मी तुझा चुलता, असे म्हणत तो अल्लादीनच्या गळ्यात पडतो आणि नवे कपडे घेऊन देतो.

साम्य इथेच थांबत नाही. प्रवासाच्या सुरुवातीलाच सीरियातल्या काही पडक्या अवशेषांपाशी ल्युकाने एका गुराख्याला पैसे देऊन जमिनीखालच्या थडग्यात उतरवले. तो वर आला तेव्हा त्याच्या हातात एक अंगठी आणि एक दिवा होता. ही हकिकत हन्नाच्या वहीत आहे. अल्लादीनही भुयारात उतरतो तेव्हा त्याच्याजवळ असते ती अंगठी आणि तो घेऊन येतो तो दिवा. हन्नाने ही गोष्ट पूर्वी कुठे ऐकली होती, की आपल्या डोळ्यांपुढचे त्याने तिच्यात ओवले, हे ठामपणे कुणी सांगू शकणार नाही. पण गोष्ट सांगताना तो गुराखी त्याच्या मनात आला नसेल, असे मला तरी वाटत नाही.

पॅरिसला पोचल्यावर ल्युकाने हन्नाला हलबी पोशाख घालून व्हर्सायच्या राजवाड्यात नेले. राजाला भेट देण्यासाठी आणलेले वाळवंटी उंदीर हन्नाच्या हातातल्या पिंजऱ्यात होते. चौदाव्या लुईने ते पाहिले आणि मग राजघराण्यातल्या स्त्रियांना दाखवण्यासाठी हन्नाला दालनादालनांतून फिरवण्यात आले. अल्लादीनच्या महालाच्या वर्णनात व्हर्सायचा झगमगाट उतरला असावा, असे काही अभ्यासकांना वाटते. मात्र राजवाड्याच्या बाहेरचे पॅरिसही हन्नाने पाहिले. १७०९ चा हिवाळा युरोपच्या इतिहासात ‘महाहिवाळा’ म्हणून ओळखला जातो. नद्या गोठल्या, पिके गेली, माणसे थंडीने आणि मग भुकेने मेली. हन्नाने त्या थंडीबद्दल आणि नंतरच्या भाकरीच्या टंचाईबद्दल लिहिले आहे. दिव्याची गोष्ट त्याने सांगितली ती या उपासमारीच्या वसंतात.

राजग्रंथालयातली जागा त्याला मिळाली नाही. आत्मवृत्तात गालाँचा उल्लेख येतो तो एक म्हातारा माणूस म्हणून, चार ओळींत. त्याला काही गोष्टी कमी पडत होत्या, त्या मी सांगितल्या, तो खूश झाला, एवढेच. आपल्याला परत पाठवण्यात या म्हाताऱ्याचाही हात होता, असे हन्ना लिहितो. १७१० मध्ये तो अलेप्पोला परतला, कापडाचे दुकान घातले आणि वीसेक वर्षे कापड विकले. आपण सांगितलेल्या गोष्टी युरोपभर गाजत आहेत, हे त्याला कधी कळले असेल, याची एकही खूण त्याच्या वहीत नाही.

गालाँला खलनायक ठरवण्याची मला इच्छा नाही. त्याने रोजनिशीत हन्नाचे नाव प्रामाणिकपणे लिहिले, म्हणून तर आपल्याला हे कळले. त्या काळी गोष्ट सांगणाऱ्याचे नाव छापायची रीतच नव्हती. एका विधवेचा मुलगा आणि दुसरा पोरका पोर, असे दोघे पॅरिसमध्ये समोरासमोर बसले आणि त्यांच्यातून तिसऱ्या एका विधवेच्या मुलाची गोष्ट जन्मली, असे मी मनाशी म्हणतो.

आता गोष्टीकडे वळू. तीनशे वर्षे ही गोष्ट मुलांना का आवडते? जादू आहे म्हणून, हे सोपे उत्तर. पण जादूच्या गोष्टी शेकडो आहेत. माझ्या मते या गोष्टीची पकड आहे ती तिच्यातल्या खऱ्याखुऱ्या गरिबीमुळे.

जुन्या पाठात काय होते पाहा. भुयारात कोंडलेला अल्लादीन रडतो, प्रार्थनेसाठी हात जोडतो आणि हात जोडताना बोटातली अंगठी घासली जाते. अंगठीचा जिन विचारतो, काय हवे? तो म्हणतो, मला इथून बाहेर काढ. एवढेच. घरी येतो तर खायला काही नाही. आई म्हणते, सूत कातले आहे, ते विकून काहीतरी आणते. तो म्हणतो, सूत राहू दे, हा दिवा विकू. दिवा मळलेला आहे, घासून स्वच्छ केला तर चार पैसे जास्त येतील, म्हणून आई तो घासायला घेते आणि जिन प्रकटतो. म्हणजे जादूचा दिवा जगात पहिल्यांदा कुणी घासला असेल तर तो एका गरीब बाईने, मोडीत विकण्यासाठी. आणि जिनकडे पहिले मागणे होते जेवणाचे. म्हणून मघाशी म्हणालो की, माझ्या अम्माचे घासलेट या गोष्टीला धरून होते.

पुढचा भाग तर मला फारच आवडतो. जिन जेवण आणतो चांदीच्या ताटांतून. मायलेक जेवतात आणि मग ती ताटे एकेक करून विकतात. ताटे संपेपर्यंत जिनला पुन्हा बोलावत नाहीत. हाताशी असा दिवा असताना हे दोघे कितीतरी काळ पूर्वीसारखेच साधेपणाने राहतात. आई आपले सूत कातत राहते. एकदम श्रीमंत व्हायची त्यांना भीती वाटते की काय कोण जाणे. ज्याने गरिबी पाहिली आहे, त्यालाच ही जागा सुचू शकते. ताट विकताना सुरुवातीला अल्लादीन फसवलाही जातो. वस्तूची किंमत माहीत नसलेला गरीब आणि ती माहीत असलेला व्यापारी. पुढे एक सचोटीचा सोनार त्याला खरा भाव सांगतो.

मग राजकन्येचे प्रकरण. शिंप्याच्या पोराला सुलतानाची मुलगी हवी आहे. आई आधी हसते, मग घाबरते, मग रुमालात रत्ने बांधून दरबारात जाते. रोज जायचे, गर्दीत उभे राहायचे, कुणी विचारत नाही म्हणून परत यायचे. अशी ती दिवसामागून दिवस जाते, अखेर सुलतानाचेच लक्ष जाते. तहसील कचेरीच्या व्हरांड्यात हातात कागद धरून उभ्या असलेल्या बायका ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही आई ओळखू येईल. या संपूर्ण गोष्टीत तिला नाव नाही. मुलाला आहे, मेलेल्या नवऱ्याला आहे, राजकन्येला बद्रुलबुदूर असे डौलदार नाव आहे. दिवा घासणारी आणि दरबारात ताटकळणारी बाई मात्र नुसती ‘आई’.

‘जुने दिवे द्या, नवे घ्या’ ही आरोळी आपल्याकडच्या मुलांना समजावून सांगावी लागत नाही. आमच्या गल्लीत बोहारीण यायची. जुन्या कपड्यांवर नवे भांडे. अम्मा नेहमी म्हणायची, देताना खिसे तपासा. राजकन्या तपासत नाही, पण दोष तिचा नाही. दिव्याचे रहस्य अल्लादीनने तिला सांगितलेलेच नसते. घरच्या माणसापासून लपवलेले गुपित घर घालवते. पुढे अंगठीचा जिनही सांगतो की, दिव्याच्या जिनने केलेले मोडणे माझ्या ताकदीबाहेरचे आहे. तो अल्लादीनला फक्त तिथवर नेऊन सोडतो. पुढे जादूगाराला विषाचा पेला द्यायचे धैर्य राजकन्येला स्वतःलाच करावे लागते. इतक्या जादूच्या गोष्टीत ऐन मोक्याला माणसेच कामी येतात.

प्रत्येक काळाने या गोष्टीत आपले काही घातले, काही काढले. गोष्ट घडते चीनमध्ये, पण त्या चीनमध्ये सुलतान आहे, वजीर आहे, हमाम आहेत. आपण ‘सातासमुद्रापलीकडे’ म्हणतो, तसे हे ‘चीन’. इंग्लंडच्या नाताळातल्या नाटकांत अल्लादीनच्या आईला एकदाचे नाव मिळाले, तेही चहाच्या एका प्रकारावरून. १८६१ मध्ये ती ‘ट्वँकी’ झाली आणि पुरुषांनी करायचे विनोदी पात्र बनली. आपल्याकडे १९५२ मध्ये होमी वाडियांनी महिपाल आणि मीनाकुमारी यांना घेऊन ‘अल्लादीन और जादुई चिराग’ काढला. त्यानंतर तीसेक वर्षांनी मी तो टुरिंग टॉकीजच्या तंबूत पाहिला. डिस्नेच्या १९९२ च्या चित्रपटात आई पूर्णच नाहीशी झाली आणि जिनकडे तीनच इच्छा मागायची अट आली. जुन्या गोष्टीत अशी मोजदाद नाही. जितके हवे तितके मागा. तरीही ती मायलेक ताटे विकून दिवस काढतात, यातच जुन्या गोष्टीचे मोल आहे.

नावाचीही एक गंमत सांगतो. आपण मराठीत ‘अल्लादीन’ असे ल ला ल जोडून लिहितो आणि त्यात अल्ला आहे असे समजतो. मूळ शब्द अला-उद्-दीन. ‘अला’ म्हणजे उंची, थोरवी. ‘धर्माची थोरवी’ असा त्याचा अर्थ. एका उनाड पोराला इतके भारदस्त नाव देणारा आणि ज्याच्या तोंडून ही गोष्ट जगात आली, तो हन्ना स्वतः ख्रिस्ती होता. त्याच्या शहरात मुसलमान, ख्रिस्ती आणि यहुदी एकाच बाजारात बसत, एकाच भाषेत गोष्टी ऐकत. त्याला ही गोष्ट ‘त्यांच्यातली’ वाटली नसावी.

त्या बाजाराचे पुढे काय झाले, तेही सांगायला हवे. सीरियातल्या यादवी युद्धात, सप्टेंबर २०१२ मध्ये, अलेप्पोच्या जुन्या आच्छादित बाजारपेठेला आग लागली आणि शेकडो दुकाने जळाली. पुढे २०१६ पर्यंत त्या शहरात लढाई चालू होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये भूकंपाने उरलेसुरले हादरवले. दूरचित्रवाणीवर ती जळकी कमानदार गल्ली पाहताना मला कापडाचे एक दुकान आठवत होते, जे मी कधी पाहिले नाही. त्या शहरातून परागंदा झालेली पोरकी मुले पुन्हा युरोपच्या वाटेला लागली. त्यांच्यातल्या किती जणांकडे गोष्टी असतील आणि त्या कोण लिहून घेत असेल?

आता गुरुजींच्या त्या वाक्याकडे. गुरुजी, ही गोष्ट तुमच्यातली की आमच्यातली, याचे उत्तर मला उशिरा सापडले. हलबच्या एका ख्रिस्ती पोराने ती सांगितली, फ्रेंच माणसाने फुलवून लिहिली, इंग्रजांनी रंगभूमीवर नाचवली, चिपळुणच्या नावाच्या ब्राह्मण शास्त्र्याने सुरू केलेल्या वाटेने ती मराठीत आली आणि एका मुसलमान शिंप्याच्या मुलाने ती मराठीतून आपल्या दादीला दखनीत सांगितली. ज्याने ज्याने ती मन लावून सांगितली, त्याची ती झाली. मात्र सांगणाऱ्याचे नाव घ्यायला हवे. तेवढे ऋण फेडायला काही खर्च येत नाही, तरी ते फेडायला जगाला जवळजवळ तीनशे वर्षे लागली.

माझ्या दादीने ती गोष्ट माझ्याकडून ऐकली आणि नंतर गल्लीतल्या पोरांना सांगू लागली. तिच्या गोष्टीत जिन चांदीच्या ताटांतून ज्वारीच्या भाकऱ्या, अंबाडीची भाजी आणि लसणाची चटणी घेऊन यायचा. मी एकदा म्हणालो, ‘‘दादी, पुस्तकात असे नाही.’’ ती म्हणाली, ‘‘भूक्या पोरांकू और क्या देना फिर?’’ दादीचे नाव रेशनकार्डाखेरीज कुठल्याच कागदावर लिहिलेले मी पाहिले नाही. आता माझी नात गोष्ट सांग म्हणते, तेव्हा मी आधी सांगतो की हलब गावात हन्ना नावाचा एक मुलगा होता, त्याने ही गोष्ट सांगितली. जेवणाची जागा आली की माझ्याही गोष्टीतला जिन भाकरी आणि अंबाडीच आणतो. ती कुणाची, हेही मी नातीला सांगतो.